मावशींचं नाक

फॉर्मेलिनचा वास एकदा नाकात बसला की माणूस तो विसरत नाही. मी डोंबिवलीच्या एका खाजगी हॉस्पिटलात पंचवीस वर्षं नर्स आहे, त्यातली अलीकडची काही सिस्टर इन्चार्ज म्हणून. सुरुवातीच्या काळात आम्ही दर शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन थिएटर बंद करून आत फॉर्मेलिनची धुरी द्यायचो. दारं-खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावायची आणि पळायचं. सोमवारी सकाळी ते दार कुणाला तरी उघडावं लागे. आत शिरून खिडक्या उघडायच्या, पंखा लावायचा आणि डोळे पुसत बाहेर यायचं. हे काम आमच्या वॉर्डातल्या मावशींचं होतं. ड्यूटीचा तक्ता तेव्हाही मी लावायचे, त्यांना ते नेमून मीच दिलं होतं.

मावशी म्हणजे आमची आया. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, बाळकुमच्या कोळीवाड्यातली. लग्नाआधी आईबरोबर खाडीतली मासळी विकायला बसायची. पुढे नवरा गेला, माहेरच्या जागेवर इमारती आल्या, आणि मावशी मुलासोबत दिवा स्टेशनजवळ एका खोलीत राहायला आल्या. तिथून रोज कामावर यायच्या. पदर नाकाला लावून थिएटरमध्ये शिरायच्या आणि बाहेर येऊन मला म्हणायच्या, "शिष्टर, आजचा धूर लई तिखट व्हता. जंतू मेले का नाय म्हाईत नाय, मी मेलेच व्हते."

आम्ही हसायचो. मास्क द्यायला हवा, हे सुचलं तेव्हा धुरीची पद्धतच बंद होत आली होती आणि मावशींना जिना चढताना धाप लागायला लागली होती. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तपासलं, दमा आहे म्हणाले, पंप लिहून दिला. कशामुळे झाला ते ना त्यांनी सांगितलं, ना आम्ही विचारलं. दिव्यात धूळही भरपूर आहे.

तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटल नव्या जागेत न्यायचं ठरलं. कल्याणच्या दिशेला मोठ्या रस्त्यावर नवी इमारत झाली होती, तिच्यातले दोन मजले घेतले. मोठे डॉक्टर कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते. तिथे कुणीतरी भाषणात सांगितलं होतं की हॉस्पिटलच्या भिंती, फरशी, फर्निचर यांतूनच रोग्याला त्रास होतो. रंगातून, प्लायवूडच्या गोंदातून, फरशीखालच्या चिकटद्रव्यातून वर्षानुवर्षं वायू सुटत राहतात. डॉक्टर भारावले होते. परत आल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सिस्टर, आपलं नवं हॉस्पिटल त्या बाबतीत स्वच्छ हवं. मटेरियल तुम्ही निवडा. तुम्हाला वॉर्ड कळतो, इंटिरियरवाल्याला फक्त कॅटलॉग कळतो."

त्याच बैठकीत मॅडम, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याही डॉक्टर, स्टाफची यादी करत होत्या. मावशींच्या नावापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं.

"यांना झेपेल का? इथेच धाप लागते. नवं सगळं, एसी, बंद खोल्या."

"जागा बरोबर झाली तर झेपेल," मी म्हणाले.

"मग जागा बरोबर करा," मॅडम म्हणाल्या. त्या सरळ बाई आहेत, टोमणा नव्हता तो. जुनी जागा बंद होणार होती. मावशींना नव्या वॉर्डात श्वास घेता आला तर नोकरी, नाही तर दिव्याची खोली.

मावशींना मी हे लपवलं नाही. त्या म्हणाल्या, "घरी बसून काय करू? सून दिवसभर टीवी लावून बसते. मी हितं बोलते तवा चार मानसं ऐकतात. तितं मी बोलले की आवाज वाडवते टीवीचा."

दुसऱ्या आठवड्यात ठाण्याहून इंटिरियरचा कंत्राटदार आला. हसरा, गोरटेला, बोटांत तीन अंगठ्या. त्याने माझ्या टेबलावर प्लायवूडचे, लॅमिनेटचे, फरशीचे तुकडे पसरले. एक प्लायचा तुकडा मी हातात घेतला आणि थांबले. सोमवार सकाळचं थिएटर समोर उभं राहिलं.

"यात फॉर्मेलिन आहे," मी म्हणाले.

"अहो मॅडम, प्लाय आहे तो. झाडाचा."

"चिकटवलाय कशाने?"

"गोंदाने. सगळ्यांचा असाच असतो. नव्याचा वास आहे, महिन्याभरात जातो."

महिन्याभरात नाक सरावतं. वास कुठेही जात नाही. हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं, पण त्याला पुरावा हवा होता. मोजायची यंत्रं असतात म्हणे, आमच्याकडे नव्हती. म्हणून मी घरून स्टीलचे डबे आणले, घट्ट झाकणाचे, डाळींचे. प्रत्येकात एकेका मटेरियलचा हाताएवढा तुकडा घातला, झाकण लावलं आणि सकाळी जुन्या हॉस्पिटलच्या गच्चीवर उन्हात ठेवले. दुपारी चहाच्या वेळी उघडायचे. माझ्या स्वतःच्या नाकावर मला भरवसा नव्हता. इतकी वर्षं फिनेल आणि स्पिरिटमध्ये गेल्यावर राहणारही नाही. मावशींच्या नाकावर होता. पिशवी उघडायच्या आधी आतला बोंबील कालचा की आजचा ते सांगणारी बाई होती ती. शिवाय ज्या हवेत तिला जगायचं होतं, तिची परीक्षा तिनेच घ्यावी, हे मला रास्त वाटलं. दम्याच्या माणसाला वास हुंगायला लावतोय, हे तेव्हा मनात आलं नाही असं नाही. आलं. जवळून घेऊ नका, हाताने वारा घालून घ्या, एवढं सांगितलं आणि पुढे गेले.

पहिला डबा उघडला. मावशींनी हाताने वारा नाकाकडे ढकलला आणि तोंड वाकडं केलं.

"बांगडा. दोन दिसाचा."

"मावशी, नीट सांगा. कमी वास, जास्त वास."

"नीटच सांगते. दोन दिसाचा बांगडा. खाल्ला तर मरनार नाय, पन पावन्याला वाडू नये."

दुसरा डबा, रबर सोल्यूशनने चिकटवलेला लॅमिनेटचा तुकडा. त्या दोन पावलं मागे सरल्या. "बर्फ नसलेला कोलीम. जल्ला, झाका ते." कोलीम म्हणजे बारीक कोळंबी, बर्फावाचून तासाभरात सडणारी.

मी वही काढली. आधी मी रकाने आखले होते: तीव्र, मध्यम, सौम्य. दोन दिवसांत ते रकाने सोडून दिले, कारण मावशींची मोजपट्टी जास्त बारीक होती. ती वही माझ्याकडे अजून आहे. "नमुना ४, साधा कमर्शियल प्लाय: बांगडा, दोन दिवस." "नमुना ७, ऑइल पेंट, आठ दिवस वाळलेला: सुकट, पावसात भिजलेली." "नमुना ९, पाण्यातला कमी वासाचा रंग: बोंबील, सकाळचा." "नमुना ११, कमी फॉर्मेलिनचा शिक्का असलेला प्लाय: ताजं पापलेट." ताज्या पापलेटाला वास नसतो, फक्त पाण्याचा असतो, असं मावशींचं म्हणणं. त्याच्यावर दर्जाच नव्हता.

डॉक्टरांच्या घरात कांदासुद्धा बेताने खातात. पुढच्या बैठकीत त्यांनी वही मागितली आणि चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "पुरुषांच्या वॉर्डातलं छत... मांदेली, बरी." ते थांबले. "सिस्टर, हे काय आहे?"

कंत्राटदार हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. "सर, रेट पण फिश मार्केटचाच लावू का?"

"मोजपट्टी आहे," मी म्हणाले. "मासळी जितकी ताजी तितका वास कमी, असं वाचा, सगळं कळेल."

डॉक्टरांनी वाचलं. आणि श्रेय द्यायला हवं, त्यांनी मान्य केलं. भिंतींना पाण्यातला कमी वासाचा रंग. चार फुटांपर्यंत ऑइल पेंट मारायची पद्धत रद्द, तिथे टाइल. दारांना पॉलिश नाही. बेडमागचे पॅनेल आणि कपाटं शिक्क्याच्या प्लायची. फरशीवर मात्र मी हरले. मानांकनासाठी सल्ला देणारा एक तरुण गृहस्थ नेमला होता. तो म्हणाला, टाइलला सांधे असतात, सांध्यात जंतू बसतात, आयसीयूत व्हिनाइलच हवं, अखंड. व्हिनाइलखालचं चिकटद्रव्य मावशींनी "कोलीम" या सदरात टाकलं होतं. मी म्हणाले, जंतू पुसता येतात, वायू पुसता येत नाही. तो म्हणाला, चेकलिस्टमध्ये वायू नाही. आयसीयूत व्हिनाइल लागलं. मावशींची नेमणूक जनरल वॉर्डात होती, म्हणून मी तिथे सोडून दिलं.

माझ्या वेळापत्रकात काम संपल्यावर चार आठवडे रिकामे होते. चार आठवडे सगळ्या खिडक्या उघड्या, पंखे चालू, आत कुणी नाही. हे डॉक्टरांनी सही करून मान्य केलं होतं.

पण काम वेळेवर झालं नाही. ते कुठेच होत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाऊस लांबला, इमारतीची लिफ्ट बंद पडली, सुतार गावी गेले. गणपती होऊन गेले तरी जनरल वॉर्डाच्या बेडमागच्या भिंती उघड्या होत्या. शिक्क्याचा प्लाय पुण्याहून येणार होता. तो तीन आठवड्यांनी येईल असा निरोप आला. दसरा अठरा दिवसांवर होता.

दसरा हा मुहूर्त डॉक्टरांच्या आईने काढला होता. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि जुन्या हॉस्पिटलचं उद्घाटनही दसऱ्यालाच झालं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या. मी दिवाळीनंतर उघडू या म्हणाले. मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी लग्नात नवरदेव बदलू या म्हणाले होते.

"सिस्टर, दसरा टळला की थेट गुढीपाडवा. तोवर दोन जागा चालवायच्या?"

कंत्राटदार माझ्याकडे वळून मध्ये पडला. त्याच्याकडे साधा प्लाय तयार होता. "आपण काय करू मॅडम, साधा लावू, पण दोन्ही बाजूंनी लॅमिनेट, आणि कडांना पट्टी. चारी बाजूंनी पॅक. वास जाणार कुठून? तुमच्या मावशींना विचारा. त्यांनी बांगडा म्हटलं तर मी स्वतः उचलून नेतो."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. "हे योग्य आहे. टेस्ट करून घ्या."

तर मी टेस्ट केली. सहा इंचांचा तुकडा, चारी कडा बंद, डब्यात, गच्चीवर. नवरात्र बसायच्या आदल्या दिवशीची दुपार, ऊन मी म्हणत होतं. झाकण मी उघडलं. माझ्या डोळ्यांना चुरचुरलं. उन्हामुळे असेल म्हणून मी चष्मा काढून पुसला.

मावशींनी वाकून, हाताने वारा न घालता, सरळ डब्यात नाक घातलं. असं त्या कधी करत नसत. ते मी पाहिलं. बराच वेळ त्या तशाच राहिल्या. मग वर बघून म्हणाल्या, "पापलेट."

"ताजं?"

"आताच जालीतनं काडलंय. करा सही, शिष्टर."

मी सही केली. गच्चीवरच, पाण्याच्या टाकीवर कागद ठेवून.

पुढचे आठ-नऊ दिवस सुतारांचे होते. बेडमागचं पॅनेल म्हणजे नुसता सपाट फळा नसतो, हे मला माहीत होतं आणि तरी मी ते डोक्यात घेतलं नाही. प्रत्येक पॅनेलला ऑक्सिजनचं भोक, सक्शनचं भोक, स्विचबोर्डाचा चौकोन, दिव्याच्या वायरचं भोक. एका बेडमागे सात कापे. कडांना पट्टी होती, आतल्या कापांना काही नव्हतं. करवत फिरली की आतला गोंद उघडा. वीस बेड. मी एका सुताराला विचारलं, इनको भी सील करोगे? तो म्हणाला, "दीदी, उपर से प्लेट आ जाएगी, दिखेगा नहीं."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वॉर्डात पाऊल टाकलं तर डोळ्यांतून पाणी आलं. सगळ्यांच्या. मॅडमनी बाजारातून दोन गोणी कांदे मागवले. कांदा रंगाचा वास ओढून घेतो असं आपल्याकडे सगळे मानतात. आम्ही दहा जणींनी बसून कांदे चिरले आणि प्रत्येक बेडखाली एकेक परात ठेवली, शिवाय पाण्याच्या बादल्या. त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कांद्याचं की आणखी कशाचं, हा प्रश्नच मिटला. खिडक्या उघडाव्यात तर खालच्या रस्त्याचं काम चालू होतं, तासाभरात चादरी करड्या झाल्या. त्या बंद केल्या, एसी लावला. सकाळी पूजा, होम, लोबान. डॉक्टरांच्या आईला व्हीलचेअरवरून आणलं. त्यांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, "कसा छान नवाकोरा वास येतोय."

आलेला प्रत्येक पाहुणा हेच म्हणाला. आपल्याकडे नव्याचा वास शुभ असतो. नवी गाडी, नवं घर, नवी साडी. त्या वासाला वाईट म्हणणं म्हणजे मालकाला दृष्ट लावणं. कंत्राटदाराला शाल-श्रीफळ दिलं. मलाही दिलं, "पर्यावरणपूरक वास्तूसाठी".

मावशींना नवा गणवेश मिळाला, आकाशी रंगाचा. त्या सगळ्यांना पेढे वाटत होत्या. वाटता वाटता दोनदा बाहेरच्या जिन्यात जाऊन आल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "पेढ्याचा बॉक्स संपला म्हनून." बॉक्स भरलेला होता.

तीन आठवडे झाले. ऑक्टोबर सरत होता, उकाडा कमी होत नव्हता. आठ नंबरच्या बेडची चादर बदलताना मावशी भिंतीला टेकल्या आणि खाली बसल्या. ओठ निळे पडले होते. शेजारचाच बेड रिकामा होता, त्यांना तिथेच घेतलं, पॅनेलमधून ऑक्सिजन जोडला, नेब्युलायझर लावलं. पाऊण तास झाला तरी छाती मोकळी होईना. मी पॅनेलच्या त्या भोकाकडे बघत होते ज्यातून ऑक्सिजनची नळी बाहेर आली होती. प्लेट नीट बसली नव्हती, बाजूला बोटभर फट होती. मी फटीशी नाक नेलं. सोमवार सकाळ.

"ट्रॉली आणा. जिन्याच्या लँडिंगवर न्या," मी म्हणाले.

आरएमओ, म्हणजे आमचा निवासी डॉक्टर, नवा मुलगा होता. "सिस्टर, ऑक्सिजनवरून काढून जिन्यात?"

"सिलिंडर लावा आणि न्या. मी जबाबदार."

जिन्याच्या खिडकीशी, रस्त्याच्या धुळीत, अर्ध्या तासात त्यांचा श्वास जरा खाली आला. पंप, सलाइन, वेळ, हवा, कशाने आला ते मी सांगू शकत नाही. आरएमओने फाइलमध्ये लिहिलं, जुना दमा, ऋतुबदल. तेही खोटं नाही.

चौथ्या दिवशी त्यांना घरी सोडलं. मॅडमनी यादीतलं प्रश्नचिन्ह काढून तिथे काट मारली. एवढंच म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही प्रयत्न केलात."

दिवाळीनंतर मी दिव्याला गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पाणी दिवसाआड येतं म्हणून दारात पिंपं. मावशी खाटेवर बसल्या होत्या, हातात पंप. सून चहा करत होती. टीव्ही चालू होता.

"यांना सांगा काहीतरी," सून मला म्हणाली. "सारखं गॅसपाशी येतात. श्रावणात मी खाली पाण्याला गेले होते, दूध करपून भांडं काळं झालं, खोलीभर धूर, आणि या शेजारी बसून भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, मना वासच नाय आला."

"श्रावणात?" मी विचारलं.

"त्याच्या आधीपासून. सुकट भाजली तरी यांना कळत नाही. कोळ्याच्या घरात!" ती हसली आणि कप घेऊन आत गेली.

मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या.

गच्चीवरची शेवटची परीक्षा नवरात्राच्या आदल्या दिवशीची. मी मनात महिने मोजले. मोजण्यासारखं काही नव्हतं, तरी मोजले.

"मावशी," मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्हाला वास आला होता का?"

"नाय."

"मग पापलेट का म्हणालात?"

त्यांनी पंप मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "बांगडा म्हनले असते तर वरीसभर पुडं गेलं असतं. तवर मना कोन ठेवनार व्हतं? मॅडमनी आदीच खुडबूड चालवलेली."

मी त्यांच्या मांडीवरचा पंप उचलून हलवून पाहिला, किती उरलाय ते.

"आन तुमचं तोंड बगितलं, शिष्टर," त्या म्हणाल्या. "तुमाला पापलेटच पायजे व्हतं."

चहा आला. मी तो प्यायले. खूप गोड होता. निघताना मावशींनी विचारलं, "उन्हाल्यापरत वास उडंल ना वॉर्डातला? मंग यीन मी." मी उडेल म्हणाले. त्या खोटं बोलल्या होत्या, मीही एक बोलले.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. पॅनेल काढू या म्हणाले, दोन-दोन बेड करून, शिक्क्याचा प्लाय आता आलाय, गोदामात पडलाय. मावशींबद्दल जे कळलं ते सगळं सांगितलं. माझ्या डोळ्यांना चुरचुरलं होतं, तेही. ते नीट ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे सिस्टर, टेस्टच ग्राह्य नव्हती."

"हो."

"मग आधीच्या टेस्ट तरी ग्राह्य कशावरून? तो शिक्क्याचा प्लाय चांगला, हे पण त्यांच्याच नाकाने सांगितलं ना?"

मावशींचं नाक नेमकं कधी गेलं, हे त्यांनाही सांगता येत नाही. वहीतलं कोणतं पान खरं आणि कोणत्या पानापासून पुढे त्या अंदाजाने, माझं तोंड बघून सांगत होत्या, ते मी कितीदा ताडून पाहिलं. अक्षर सगळीकडे माझंच आहे.

"वीसच्या वीस बेड भरलेत," डॉक्टर म्हणाले. ते खरं होतं. दाराबाहेर नातेवाईक उभे होते. पुढे मानांकन मिळालं, प्रमाणपत्र रिसेप्शनला लावलंय. परिषदेत डॉक्टरांनी आमच्या हॉस्पिटलवर भाषण केलं, मी निवडलेल्या रंगाचे आणि टाइल्सचे फोटो दाखवले. टाळ्या पडल्या म्हणाले.

मी नोकरी सोडली नाही. सोडून वास कमी झाला नसता. कापांच्या फटींत मी एकदा स्वतः पुट्टी भरली, दोन रविवार बसून. एअर कंडिशनरवाले आले, त्यांनी वायरिंगसाठी ती पुन्हा उकरली. मावशींना मुलाने खडवलीला मामेबहिणीकडे नेऊन ठेवलंय, तिथे नदी आहे, झाडं आहेत, हवा बरी. फोन केला की आधी धाप ऐकू येते, मग आवाज. वॉर्डाचं विचारतात. दोन उन्हाळे गेले. यीन मी, असं त्या आता म्हणत नाहीत.

गेल्या महिन्यात पॅनेलचा उरलेला एक तुकडा स्टोअरमध्ये सापडला. मी डबा आणला, तुकडा घातला, सकाळी गच्चीवर ठेवला, दुपारी उघडला. नाक जवळ नेलं. काही कळलं नाही. पुन्हा नेलं. वास गेला असेल, किंवा माझ्यात तो ओळखणारं जे होतं ते गेलं असेल. मावशींच्या जागी आलेली बाई कपडे वाळत घालत होती, तिशीची, तब्येतीने खणखणीत. मी तिला बोलावलं.

"हुंगून बघ गं. काय वाटतं?"

तिने लांब श्वास घेतला आणि हसली.

"छान आहे की, सिस्टर. नव्या घरासारखा."

मी झाकण लावलं. डबा घरी आणून दोनदा घासला. तो आता रिकामाच आहे. डाळ भरायची ठरवते आणि राहून जातं.